बोंडातली उत्क्रांती: गुलाबी अळी, शेतांचा नकाशा आणि पतंगाची झेप

प्रश्न विचारणारा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी यवतमाळ जिल्ह्यात कापूस आहे. तो लिहितो: "इकॉलॉजी आणि उत्क्रांती आम्हाला वेगवेगळ्या पेपरांत शिकवतात. एक या हंगामाचा हिशेब, दुसरा लाखो वर्षांचा. मग एखादी जात मोठ्या मुलखात ठिकठिकाणी विखुरलेली असते तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींना घडवतात, म्हणजे नक्की काय होतं? आणि एक घरचा प्रश्न. शेजारी कोणीच नॉन-बीटी लावत नाही. मी एकट्याने ओळी टाकून काही होणार आहे का?"

तुझे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून घरच्यापासून सुरुवात करते. पुस्तकात उत्क्रांतीची उदाहरणं दूरच्या बेटांवरची असतात. तुझ्या बांधावर त्यांच्या तोडीचं उदाहरण उभं आहे, आणि ते पंधरा वर्षांच्या आत घडलेलं आहे.

२०१७ चा नोव्हेंबर. वर्धा जिल्ह्यात एका शेतात मी बोंडं मोजत होते. पऱ्हाटी छातीएवढी, पानं हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. लांबून पाहिलं तर कोणीही म्हणावं, यंदा घर भरणार. शेतकरी काकांनी एक बोंड तोडलं, अंगठ्यांनी दाबून फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "वरून त बोंड कसं हिरवंगार दिसते बाई, अन् आत पाहा." आत दोन कप्प्यांतले धागे पिवळट, चिकट झालेले. सरकीला बारीक भोक आणि त्यात पाठीवर गुलाबी पट्टे असलेली, सेंटीमीटरभर लांबीची अळी. त्या शेतात मी शंभर बोंडं फोडली. निम्म्याहून अधिक बोंडांत अळी किंवा तिची खूण सापडली. पहिल्या वेच्याचा कापूस बरा निघाला होता, पुढचा सगळा कवडी. आणि हे वाण बीजी-२ होतं, म्हणजे अळीला मारणारी, बीटी नावाच्या जिवाणूकडून घेतलेली दोन प्रथिनं झाडात असलेलं.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यामागे कारणं अनेक होती आणि प्रत्येक फवारा काही गुलाबी अळीसाठी नव्हता. पण बीटीवर विसंबलेल्या पिकाचा भरवसा सुटला की हात पंपाकडे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून हा विषय मला केवळ परीक्षेचा कधीच वाटला नाही.

आता अळीकडे वळू. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव मिळालं १८४३ मध्ये, आणि तेही भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही आपल्याकडची जुनी रहिवासी. पतंग राखाडी-तपकिरी, नखाएवढा, रात्री हिंडणारा. मादी पात्या (कपाशीच्या कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. हंगामाच्या सुरुवातीला अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून विणल्यासारख्या मिटून राहतात. तीच डोमकळी. पुढे बोंडं धरली की अंड्यातून निघालेली अळी तासा-दोन तासांत बोंडात घुसते आणि मागचं भोक भरून येतं. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. हंगाम संपला की ती सरकीत नाहीतर वाळल्या बोंडात सुप्तावस्थेत पडून राहते, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन बाहेर पडते.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. एक, ही अळी जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. भेंडीसारखी कपाशीची भावकी सोडली तर आपल्याकडे तिला दुसरं घर नाही. दोन, अळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. जे काही हिंडणं-फिरणं आहे ते पतंगाचं, आणि बहुतेक पतंग जन्मले त्या शेताच्या आसपासच राहतात. काही थोडे वाऱ्यावर लांब जातात.

या हिंडण्यातच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक मादी तुझ्या शेतातून शेजारच्या शेतात गेली, की त्याच एका उडण्यात दोन हिशेब बदलतात. शेजारच्या अळ्यांची संख्या वाढते, ही इकॉलॉजी. तिच्या पोटातली जनुकं तिकडच्या जनुकांत मिसळतात, ही उत्क्रांती. पुस्तकाने दोन प्रकरणं केली, पतंग एकदाच उडाला. जात विखुरलेली असली की या दोघींचा सांधा म्हणजे हालचाल: कोण हलतं, किती लांब जातं, आणि तिथे गेल्यावर त्याची गाठ कोणाशी पडते.

आता रेफ्युज, म्हणजे बीटीजवळ मुद्दाम लावलेली नॉन-बीटी कपाशी. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला, एका प्रथिनाचा. दोन प्रथिनांचं बीजी-२ आलं २००६ मध्ये. नियम असा होता की शेताभोवती नॉन-बीटीच्या पाच ओळी किंवा लागवडीच्या वीस टक्के, यातलं जे जास्त असेल ते लावायचं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं नॉन-बीटी पाकीट त्यासाठीच असायचं. ते पाकीट किती घरांत माळ्यावर पडून राहिलं, किती ठिकाणी बांधावर फेकलं गेलं, ते तुला सांगायला नको. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याला कोणी नीट समजावलंच नव्हतं की हे अळीला खाऊ घालण्यासाठी लावायचं आहे, आणि का.

ते 'का' आकड्यांत बघ. समजा, बीटीला दाद न देणारं जनुक हजारातल्या एका प्रतीत आहे. प्रत्येक अळीत प्रती दोन. दोन्ही प्रती प्रतिकारक असलेली अळी दहा लाखांत एक निघेल. पण एक साधी आणि एक प्रतिकारक अशी मिश्र अळी साधारण पाचशेत एक. प्रतिकारक जनुक अप्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असली तर त्याचा गुण दिसत नाही, त्यामुळे प्रथिनाचा डोस पुरेसा असेल तर मिश्र अळीही मरते. बीटीच्या शेतातून वाचते ती फक्त ती दहा लाखांतली एक. आता तिचा पतंग झाला. जोडीदार कुठून मिळणार? जवळच नॉन-बीटीच्या ओळी असतील तर तिथून शेकड्यांनी साधे पतंग निघालेले असतात, तिची गाठ त्यांच्यापैकीच कोणाशी तरी पडते. पिल्लं सगळी मिश्र होतात आणि बीटीवर मरतात. ओळी नसतील तर आसपास जे पतंग आहेत तेही बीटीतून वाचलेलेच. प्रतिकारक प्रतिकारकाला भेटतो आणि पिल्लं सगळी प्रतिकारक निघतात.

रेफ्युज अळी मारत नाही. ते लग्नं ठरवतं. आणि लग्न ठरतं ते अंतरावर. नॉन-बीटीचा पट्टा दहा किलोमीटरवर असेल तर बहुतेक पतंगांच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा.

अमेरिकेच्या ॲरिझोनात याची दुसरी बाजू पाहायला मिळाली. तिथे बीटी कापूस १९९६ मध्ये आला आणि रेफ्युज खरोखर लावलं गेलं. दहा वर्षं प्रतिकार वाढला नाही. उलट ज्या भागांत बीटीखालचं क्षेत्र साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेलं, त्या भागात अळीची एकूण संख्याच वर्षानुवर्षं घसरत गेली, नॉन-बीटी शेतांतसुद्धा. कारण बीटीचं शेत अळीसाठी विहिरीसारखं होतं: मादी येते, अंडी घालते, त्यातून पुढे काही निघत नाही. अशा विहिरी मुलखात पुरेशा झाल्या की उरलेली शेतं ती गळती भरून काढू शकत नाहीत. आपल्याकडेही पहिली काही वर्षं अळी कमी झाली ती याच कारणाने. ती शांतता पाहून आपण समजलो की काम झालं. प्रत्यक्षात त्याच शांततेत, फार थोड्या अळ्यांमध्ये, निवड चालू होती.

आपल्याकडे गुजरातेत पहिल्या प्रथिनाला प्रतिकार आल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतल्या अळ्या होत्या. पुढच्या काही वर्षांत दोन्ही प्रथिनांना दाद न देणाऱ्या अळ्या आल्या आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात त्याचा कडेलोट झाला. केवळ रेफ्युज लावलं नाही म्हणून हे घडलं असं म्हणणं मला अपुरं वाटतं. आणखी दोन कारणं होती आणि दोन्हीही जागेशी बांधलेली आहेत. पहिल्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं.

आपल्याकडे बीटी कापूस मुख्यतः संकरित वाणांत आला. जगात बाकी बऱ्याच ठिकाणी तो सरळ, म्हणजे संकर नसलेल्या वाणांत आहे. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, दुसरी जागा रिकामी. झाड स्वतः बीटी असतं, पानंही बीटी आणि बोंडाचं सालही बीटी. पण बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, आणि तिथे मेंडेलचा हिशेब लागतो. दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली गेली की सोळा सरक्यांमागे नऊंत दोन्ही प्रथिनं, तिघींत फक्त पहिलं, तिघींत फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या धर. म्हणजे दर बोंडात एक-दोन सरक्या पूर्ण बिनविषारी. आणि गुलाबी अळी खाते ते हेच, सरकी.

त्या अळीच्या जागी स्वतःला ठेवून बघ. एका कप्प्यात शिरलीस. एक सरकी कडक विषारी, शेजारची अर्धी, तिसरी गोड. जी अळी पूर्ण विषारी झाडावर मेली असती, ती मिश्र अळी इथे निवडून खाऊन तगू शकते. आणि मिश्र अळी तगली की वरचं सगळं गणित कोसळतं. दहा लाखांतल्या एकीच्या जागी पाचशेतली एक वाचायला लागते. निवडीची जागा शेतातून बोंडात आली.

चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात वरवर पाहता असंच मिश्रण होतं आणि त्याचा परिणाम बरोबर उलटा झाला. तिथे बीटी आणि नॉन-बीटी यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं, स्वस्त पडतं म्हणून, मोठ्या प्रमाणावर पेरलं गेलं. त्यात साधारण चारातलं एक झाड अख्खं नॉन-बीटी निघतं. शेतभर विखुरलेलं रेफ्युजच ते, कोणी ठरवून न लावलेलं. अळी झाड बदलत नाही, त्यामुळे नॉन-बीटी झाडावरची साधी अळी तिथेच वाढते, पतंग होते आणि पलीकडच्या झाडावरून वाचलेल्या प्रतिकारकाशी जुळते. वाढत चाललेला प्रतिकार तिथे मागे फिरला. शास्त्रज्ञांनी अकरा वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये हे मांडलं. ज्या वर्षी मी वर्ध्यात बोंडं फोडत होते, तेच वर्ष.

दोन्हीकडे विषारी-बिनविषारी मिसळलेलंच होतं. तिकडे मिश्रणाचा कण झाडाएवढा होता, आपल्याकडे सरकीएवढा. अळीच्या दृष्टीने झाडाएवढं अंतर म्हणजे दुसरा देश, सरकीएवढं अंतर म्हणजे ताटातली दुसरी वाटी. "लँडस्केप" हा शब्द तुम्हाला शिकवतात तेव्हा तो कोणत्या प्राण्याच्या पायांनी मोजायचा हे आधी विचारत जा.

दुसरं कारण काळाचं दिसतं, पण तेही जागेचंच आहे. आपली संकरित वाणं लांब मुदतीची, सहा महिने आणि वर. शिवाय पाणी असलं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभं ठेवून आणखी बोंडं घेणं. डिसेंबरनंतर शेतात हिरवं बोंड राहणं म्हणजे अळीला हिवाळ्यात जगण्यासाठी बेट मिळणं. तालुक्यात शंभरांतली नव्वद शेतं मोकळी झाली आणि दहांत फरदड उभी राहिली, तर सगळ्या मुलखातले पतंग त्या दहांवर गोळा होतात. तिथे जास्तीच्या पिढ्या निघतात, सगळ्या बीटीवर वाढलेल्या. पुढच्या जूनमध्ये नव्वद शेतांना पहिली अळी देणारी हीच दहा. दुसरा उगम म्हणजे जिनिंग आणि तेलगिरण्यांच्या आवारातले सरकीचे ढीग. गिरणीजवळच्या शेतांत अळी आधी दिसते हा आमचा नेहमीचा अनुभव. उत्तरेत, हरियाणा-पंजाबच्या कापूस पट्ट्यात ही अळी अलीकडे पुन्हा डोकं वर काढू लागली तेव्हाही ती आधी गिरण्यांच्या आसपास दिसली. तिथल्या अळीला प्रतिकार नव्याने घडवावा लागला नसावा. तो सरकीसोबत ट्रकमधून तयारच आला असावा.

आता हे चक्र जोडून बघ. प्रतिकार वाढला, ही उत्क्रांती. त्यामुळे अळ्यांची संख्या वाढली, ही इकॉलॉजी. संख्या वाढली म्हणून वेचे बुडाले, बुडालेला खर्च भरून काढायला शेतकऱ्याने फरदड ठेवली आणि फवारे वाढवले. फवाऱ्यांनी परभक्षी कीटक मेले, फरदडीने हिवाळी बेटं वाढवली. त्या बेटांवर पुन्हा तीच निवड, अधिक पिढ्यांची. पुढच्या वर्षी प्रतिकार आणखी पक्का. यात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला? एकमेकींना घडवतात म्हणतात ते हे. आणि या चक्रात माणूस बाहेर उभा नाही, त्याची उधारी आणि कापसाचा भाव त्यात चाकाच्या आऱ्यांसारखे बसलेले आहेत.

इथे अमेरिकन बोंडअळीशी तुलना करायलाच हवी. तीही कपाशीवर येते, पण ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, मका, ज्वारी खाते. आपल्या कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. त्या ओळींतून आणि पुढे हरभऱ्याच्या शेतांतून निघणारे लाखो साधे पतंग तिच्या प्रतिकारक भावंडांना विरघळवून टाकतात. तिच्यासाठी सगळा विदर्भच रेफ्युज आहे. म्हणून त्याच शेतात, त्याच वर्षांत, त्याच प्रथिनांपुढे गुलाबी अळी माजली आणि बीटीची मूळ शत्रू असलेली अमेरिकन अळी बरीच दबून राहिली. पुष्कळांनी नॉन-बीटीऐवजी तुरीच्या ओळी टाकल्या आणि रेफ्युज लावलं असं मानलं. गुलाबी अळीसाठी ती तूर म्हणजे भिंत. तिथे तिला ना अन्न ना जोडीदार.

आतापर्यंत मिसळण्यामुळे निवड कशी मंदावते ते सांगितलं. मिसळणं थांबलं की काय होतं, त्याचं एक लांबचं पण ऊसवाल्यांना जवळचं वाटेल असं उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये उसाला आपल्या हुमणीसारखीच, मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी लागायची. तिच्यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये हवाईहून शंभरेक मोठे विषारी भेक आणले. हुमणीला त्यांनी काही केलं नाही. अळी जमिनीत, भुंगेरा उसाच्या शेंड्यावर, भेक मधे. पण भेक पसरले. सुरुवातीच्या दशकांत वर्षाला साधारण दहा किलोमीटर, आणि पुढे उत्तरेत पन्नासहून अधिक. रस्ता तोच, पाय तेच, मग वेग पाचपट कसा?

रिचर्ड शाइन, बेन फिलिप्स या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेतल्या डार्विन शहराजवळ २००५ च्या सुमारास पोचणाऱ्या आघाडीच्या भेकांची मापं घेतली. सगळ्यात आधी येणाऱ्यांचे पाय शरीराच्या मानाने लांब होते. ते कमी वळणं घेत, सरळ जात. त्यांची पिल्लं वेगळी वाढवली तरी ती पुढे पुढे जाणारीच निघाली, म्हणजे गुण आनुवंशिक. कारण साधं आहे. वारीत जे झपझप चालतात ते मुक्कामी आधी पोचतात आणि आपोआप एकमेकांच्या सोबतीला येतात. भेकांच्या आघाडीवर त्या सोबतीतूनच पुढची पिढी होते. वेगवान नर वेगवान मादीला भेटतो, त्यांची पिल्लं आणखी वेगवान, आणि तीच पुन्हा आघाडीवर. वेगामुळे त्यांची जास्त पिल्लं जगतात असं काही नाही. आघाडीच्या मोठ्या भेकांपैकी साधारण दहा टक्क्यांच्या मणक्यात संधिवात सापडला. शरीराला परवडत नसलेला वेगसुद्धा टिकून राहतो, कारण निवड करणारी चाळणी अंतराची आहे.

यातून एक उपाय सुचवला गेला तो मला अतिशय आवडतो. रानात वणवा येत असेल तर वनखातं पुढे जाळरेषा घेतं. तसं आघाडीच्या पुढे, पाण्याची ठिकाणं कमी असलेल्या पट्ट्यात, मागच्या मुलखातले संथ भेक आधीच नेऊन सोडायचे. वेगवानांची गाठ वेगवानांशी पडण्याऐवजी संथांशी पडेल, पिल्लं मध्यम होतील आणि कोरडा पट्टा ओलांडण्याची ताकद उरणार नाही. रेफ्युजचं आणि याचं मूळ तत्त्व एकच: गाठ कोणाशी पडते ते बदला.

प्रयोगशाळेतही हे तपासलं गेलं आहे. आपल्या चवळीला जो भुंगेरा लागतो, दाण्याला गोल भोकं पाडणारा, त्याला ओळीने मांडलेल्या चवळीच्या डब्यांतून पसरू दिलं. काही रांगांत भुंगेरे जिथे पोचले तिथेच ठेवले, काहींत दर पिढीला त्यांच्या जागांची सरमिसळ केली. सरमिसळ नसलेल्या रांगा जास्त वेगाने पसरल्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: त्या एकमेकींपासून जास्त वेगळ्याही झाल्या. एक रांग सुसाट, दुसरी मंद, सुरुवात अगदी सारखी असून. आघाडीवर मूठभर जीव असतात, त्यांच्यात कोण पोचला हा बराचसा नशिबाचा भाग. म्हणून एखादी कीड अमुक वर्षी अमुक जिल्ह्यात पोचेल असं कोणी ठामपणे सांगितलं, तर मी दुप्पट रुंदीची तयारी ठेवते.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुतीर्थ डे यांच्या गटाने केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या भावंडांवर, ड्रॉसोफिलावर, दूर जाण्याचीच निवड पिढ्यान्‌पिढ्या केली. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की अशी निवडलेली चिलटं जास्त हालचाल करणारी, जास्त शोधक आणि जास्त आक्रमक झाली. आकार, अंड्यांची संख्या आणि आयुष्य मात्र साध्या चिलटांसारखंच राहिलं. म्हणजे दूर जाणं एकटं बदलत नाही, स्वभावही सोबत ओढला जातो. आक्रमक जीव नव्या वस्तीत शिरल्यावर तिथल्या इकॉलॉजीचं काय होईल याचा विचार तूच कर.

आता तुझ्या शेताकडे. एकट्याने नॉन-बीटीच्या ओळी टाकून उपयोग होतो का? माझं स्पष्ट मत: आजच्या घडीला, एकट्या शेतात, गुलाबी अळीसाठी फारसा नाही. रेफ्युज लागतं ते प्रतिकार विरळा असतो तेव्हा. ती वेळ २००२ ते २०१० ची होती. आता ओळींतून निघणाऱ्या पतंगांतही प्रतिकारक पुष्कळ असणार. आता नॉन-बीटी पाकिटातच मिसळून येतं. ते शेतात जाऊ दे, काढून टाकू नकोस. गुलाबी अळी झाड बदलत नसल्यामुळे तिच्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण त्यावर विसंबू नकोस.

आज जास्त ताकद आहे ती हिवाळी बेटं पुसण्यात, आणि हे काम पतंगाच्या झेपेएवढ्या मापाचं हवं, म्हणजे गावाच्या. कमी मुदतीचं वाण घ्या, शक्य तिथे सघन लागवड करा. जूनच्या आधी लागवड नको, म्हणजे लवकर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला पात्याच मिळणार नाहीत. डिसेंबरअखेर शेवटचा वेचा करून शेत मोकळं करा आणि मेंढ्या-बकऱ्या बसवा, उरलेली बोंडं त्या साफ करतात. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर उन्हाळाभर ठेवू नका. ॲरिझोनाच्या लोकांनीही शेवटी हेच मुलखाच्या मापावर केलं. २००६ पासून विमानातून अब्जावधी वांझ पतंग सोडले, म्हणजे पुन्हा जोडीदारच बदलले. २०१८ मध्ये अमेरिकेतला कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे विमानं नाहीत, पण झाडाला गुंडाळायचे कामगंधाचे, म्हणजे मादीच्या वासाचे दोर आता मिळतात, त्यांनी नराला मादी सापडत नाही. ते दोन एकरांत बांधून पैसे वाया घालवू नकोस, कारण शेजारून गर्भार मादी उडून येते आणि तिला नर शोधायचाच नसतो. शे-दोनशे एकर सलग जमलं तरच घे.

तुला माझं एक काम सांगते, अभ्यासाचं आणि घरचंही. गावाचा नकाशा घे. पंधरा जानेवारीला ज्या ज्या शेतात हिरवं बोंड उभं आहे त्यावर खूण कर. जिनिंग किंवा सरकीचं गोदाम असेल तर तेही मांड. मग जूनपासून हेक्टरी पाच या हिशेबाने कामगंध सापळे लावून रोजचे पतंग मोज. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपायाची वेळ झाली, हा आकडा तुला माहीत असेलच. पण मला हवं आहे ते दुसरं. पहिल्या पंधरा दिवसांत कोणत्या सापळ्यात आधी पतंग आले, आणि तिथून जानेवारीच्या खुणेपर्यंतचं अंतर किती पावलं भरलं, ते प्रत्येक सापळ्यापुढे लिहून ठेव. डोमकळ्या तोडशील तेव्हा त्यांचीही शेतवार मोजदाद कर. फरदड ठेवणाऱ्या काकांना नावं ठेवू नकोस, तो नकाशा घेऊन त्यांच्या ओसरीवर बस.